नवस माझ्या नावचा

हर्नियाचं ऑपरेशन. एवढंच.
पण सीवूड्सच्या अख्ख्या बी विंगला
माझा घोर लागला.

तळमजल्यावरच्या कार्व्हालोबाईंनी मेणबत्ती लावली,
गोलतकर म्हणता म्हणता
गोन्साल्विस म्हणाल्या.
वाशीत कुणी गोन्साल्विस
अचानक बरा झाला असेल, तर अभिनंदन.

शेजारच्या हिराबाई भोईर मात्र अचूक.
थेट कार्ल्याला जाऊन
एकवीरेला शब्द देऊन आल्या:
हा धड घरी आला, की
वर्षभर मासे खाणार नाही.

हा म्हणजे मी.

आता ठणठणीत आहे.
दिवाळे गावच्या मासळीबाजारात
पापलेट माझ्याकडे बघतं,
मी पिशवीतल्या भेंडीकडे.

रात्री भिंतीपलीकडून
बोंबील तळल्याचा वास येतो,
मागोमाग हिराबाई,
तोंडात बहुतेक घास:
"आई, त्याच्या जिभंला जरा आवर गं."