शिवण

हेल्यूने ग्लास मागितला नाही.
आधी कॅन हातात घेतला, उलटा केला,
अंगठ्याचं नख झाकणाच्या कडेवरून फिरवलं,
गोल, सावकाश,
डोळे माझ्यावर, लक्ष नखात.
‘शिवण बरी आहे,’ म्हणाली,
‘दोन ठिकाणी घाई केलीयस.’

एकतीस वर्षं ती याच इमारतीत
किलू माशांचे डबे बंद करत होती.
मीठ, मिरी, तमालपत्र, मासे, झाकण.
मासे, झाकण.
साआरेमाचं हे टोक तेव्हा मध्यरात्रीही
माशांच्या वासाने जागं असे.
कारखाना बंद झाला त्या दिवशी
तिने ॲप्रन धुऊन, घडी घालून परत केला
आणि पावती मागितली.

मी भिंती खरवडल्या, दोनदा चुना दिला,
मासे ठेवायच्या थंड खोलीत माझी पिंपं लावली.
तरी दमट दिवशी वास येतो म्हणते.
तिला येतो.
मला आता येत नाही, याचीच जरा भीती वाटते.

कॅन उघडला.
पोरांच्या बिअरसारखा फिस्स आवाज नाही,
एक जड, आळसावलेला उसासा.
ओतली. दिव्यासमोर धरली तरी काळी,
काठाशीसुद्धा तांबूसपणाची फट नाही.
फेस बदामी, बोटभर,
वर आला आणि कुठे जायचं नसल्यासारखा थांबला.

‘अकरा टक्के,’ मी सांगितलं.
‘आकडे तू पी.’

पहिला घोट तिने डाव्या गालात धरला.
बाहेर साडेतीनलाच अंधार,
धक्क्यावर अर्वोचा ट्रक उगाच सुरू,
मी हात कुठे ठेवावेत ते आठवत होतो.
मला काय ऐकायचं होतं, ते कॅनवर छापलेलंच होतं:
राय धान्याच्या काळ्या पावाची करपलेली कड,
सुकलेली आलुबुखारं, कोको, अल्डरचा धूर.
तीन रात्री बसून निवडलेले शब्द.

तिने गिळलं.
‘होडीचं बूड,’ म्हणाली.

मग बराच वेळ काही नाही.

‘मे महिन्यात बाबा डांबर तापवायचे.
मी बोट बुडवून चाटलं होतं. पाच वर्षांची असेन.
बोटही भाजलं, मारही खाल्ला.
ही तीच चव.’
आणि दुसरा घोट घेऊन,
माझ्यापेक्षा ग्लासलाच सांगितल्यासारखं:
‘तेव्हाही आवडली होती.’

गोडी येते का, मी विचारलं.
येते म्हणाली, पण मागच्या दाराने.
आणि ऊब?
ऊब खाली उतरून बूट काढून बसलीय.

अर्धा ग्लास तिने तसाच ठेवला.
‘अजून कच्ची आहे. झोपू दे हिला.’
खिशातून पेन्सिल काढली,
एका बंद कॅनच्या बुडाशी तारीख लिहिली,
वरच्या फळीवर, भिंतीकडे सरकवून ठेवला.
‘प्रत्येक घाण्यातला एक डबा आम्ही ठेवायचो.
कुणी आजारी पडलं तर
खोटं कोण बोलतंय ते डबा सांगायचा.’

शेवटच्या घाण्यातला?

‘माझ्याकडे आहे. पलंगाखाली.’

इतकी वर्षं? फुगला नाही?

तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी उगाच टेबल पुसायला घेतलं.
‘शिवण माझी आहे,’ म्हणाली,
स्कार्फ बांधला, चिखलातून गेली.
पैसे ठेवून गेली, पूर्ण कॅनचे.

तिचा उरलेला अर्धा ग्लास मी संपवला.
कोको नव्हता त्यात.
आलुबुखार शोधलं तर सापडलं असतं,
पण जीभ डांबरापाशीच अडून बसली,
गरम, काळं, भाजणारं,
माझ्या बापाकडे तर होडीही नव्हती.

रात्री मशीन पुन्हा खोललं.
एक बंद कॅन घेतला,
ती फिरवते तसं नख फिरवलं
कडेवरून, गोल, सावकाश.
काही लागलं नाही.
पुन्हा फिरवलं.