मिठाची भिंत

न्दिवा म्हणाला, इथून पुढे पाय जपून टाका,
वाट हत्तींची आहे.
बांबूच्या रानातून चार तास चढलो होतो.
धाप माझी. त्याची नुसती शीळ.

गुहेचं तोंड पाण्याच्या धारेआड.
आत शिरलो तशी आधी शेणाची ऊब आली,
मग वटवाघळांचा उग्र दर्प,
मग फक्त गारवा.

बॅटरीचा झोत त्यानं भिंतीवर आडवा धरला.
माझ्या डोक्याच्याही वर हातभर
ओरखडेच ओरखडे.
"सुळे. रात्री येतात, रांगेनं,
सोंड जमिनीला लावून, आंधळ्याच्या काठीसारखी.
भिंत फोडतात, खडे दाढेखाली घेतात.
आमच्यात म्हणतात,
हा डोंगर त्यांनीच पोखरला."

एका कपारीशी थांबला. खाली खोल
पिल्लाची हाडं. पांढरी नव्हेत, राखाडी.
"आई तीन रात्री इथंच उभी होती."
कोणी पाहिलं, हे मी विचारलं नाही.

डावीकडे वळलो तर छत काळंकुट्ट.
"ही आमची चूल."
कुडाच्या मेखांची भोकं अजून दिसतात:
अलीकडे माणसं, पलीकडे गुरं.
त्याचा बाप, नाइबेई, त्या कोपऱ्यात जन्मला,
वासरं हंबरत असताना.

मग गोरा साहेब आला. म्हणाला, बाहेर या.
कर डोईमागे असतो,
आणि डोई उजेडात मोजावी लागते.

पुढे कधीतरी ओळखपत्राच्या रांगेत
कारकुनानं विचारलं, जन्मस्थान?
"गुहा," बाप म्हणाला.
रकाना पुरेसा मोठा होता.
कारकून हसला, आणि लिहिलं खालच्या बाजारगावाचं नाव,
जिथं बापानं आयुष्यात एकदाच
एक बैल विकला होता, तोही घाट्यात.

निघताना न्दिवानं भिंतीला जीभ लावली,
घरी आल्यावर कुणी तांब्या तोंडाला लावावा
इतक्या सहज.
मीही लावली. खारट कमी, कडवट जास्त.

आमच्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
हे त्याला सांगायला गेलो मोडक्या स्वाहिलीत
आणि 'जागावं'पाशी अडलो.
हातवारे करून पोचलं ते एवढंच:
मीठ खाल्लं की झोपायचं नाही.

न्दिवानं मान हलवली.
"ते हत्तींना ठाऊक आहे,"
म्हणाला, आणि बॅटरी विझवली.