करकर

चाळीस वर्षं मी लोकांचे पाय कागदावर उतरवले.
पेन्सिल उभी धरायची, अंगठ्यापासून निघायचं,
टाचेला वळसा घालून परत अंगठ्याशी.
मुजावर बाईंनी माझं माप घेतलं तेव्हा
डाव्या बाजूला टेप कुठं टेकवायचा
हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

गुडघ्याखाली वीतभर ठेवून
बाकीचं साखरेनं नेलं.

नवा पाय आला. गव्हाळ रबराचा, बोटांच्या नुसत्या रेघा.
बाई म्हणाल्या, सातापाकाका, हा ह्या बुटाच्या टाचेवर बसवलाय.
टाच खाली गेली तर गुडघा मागं ताणतो,
वर गेली तर पुढं मोडतो.
पडायचं दोन्हीकडं तुम्हीच.
तेव्हा हाच बूट. अंगठ्याची चप्पल विसरा.

सुभाषनगरात हे कुणाला सांगू?
गिऱ्हाईक मालाकडं नंतर बघतं,
आधी चांभाराच्या पायाकडं.

रात्री पाय काढून साचा आतनं पुसायचा,
ओलं फडकं, साबण नावाला, मग कोरडं फडकं.
पहिल्या आठवड्यात हात सवयीनं एरंडेलाकडं गेला.
कातड्याला तेल दिल्याशिवाय झोप कशी यावी?
दुसऱ्या दिवशी गंगावेशीत, दूध प्यायला उभा असताना,
मी एकीकडं आणि पाय एकीकडं फिरला.
पेला वाचला.

मग आरसा. हौसा बॅटरी धरते.
लाल डाग दहा मिनिटांत मावळला तर बरं,
नाही तर उद्या पाय खुंटीला, मी कुबडीवर
आणि सकाळी फोन बाईंना.
एवढी जनावरांची कातडी उलटीपालटी केली,
स्वतःचं कधी असं बघितलं नव्हतं.
सकाळी एक मोजा, दुपारनंतर दोन.
भिजवलेलं चामडं वाळताना आवळतं,
तसंच हेही उन्हं कलली की बारीक होतं.

एकदा रात्री दोनला उठलो, पाय आहे असं धरून.
हौसा जमिनीवरनं उचलताना म्हणाली,
"कुबडी उशाला ठिवा म्हटलं हुतं न्हवं?"
गेलेला अंगठा तेवढ्यात खाजत होता.

बुटाची टाच मी मोजून ठेवली होती.
तेवढ्याच उंचीला चामड्याचे पदर चढवत गेलो,
उजवीला तेवढेच, डावीला तेवढेच.
अंगठा नाही. रुंद वेणी, मागनं पट्टा,
तळाला टायरचा तुकडा, फरशीवर सरकू नये म्हणून.
सोळा दिवस गेले. एरवी दोन दिवसांचं काम.

बाईंनी पट्टी लावून टाच दोनदा मोजली.
आधी दांड्यांमध्ये चाला म्हणाल्या.
चाललो.

करकर.

बाईंची मान तिरकी झाली.
आवाज आला की लगेच या, स्क्रूला हात लावू नका,
हे त्यांनीच मला शिकवलेलं.
बाकावर पट्टे सोडत बसलेला पोरगाही थांबला.
सगळे माझ्या डाव्या पायाला कान लावून.

"चप्पल आहे," मी म्हणालो. "नवी आहे. बोलणारच."

"काढा. बूट घाला. परत चाला."

परत चाललो. काही नाही.
फक्त पंखा, आणि बाहेर वडापवाला कागलची हाळी देत होता.

"घाला," बाई म्हणाल्या,
आणि वहीत काहीतरी लिहिताना, वर न बघता,
"माझ्या भावाला आठ नंबर लागतो."