निशाणी

चौथ्या दिवशी उईके बाबूंनी कपाटामागून ओढून काढलं
मौजा पाचपावलीचं कोतवाल बुक,
सन एकोणीसशे अठरा ते सव्वीस,
आणि माझ्यापुढं ठेवण्याआधी
पंखा एकवर आणला.
पापडासारखी मोडतात, म्हणाले, पानं.

बाहेर सिव्हिल लाइन्सला सेहेचाळीस डिग्री.
मला एकच ओळ हवी होती:
आजोबांचा जन्म, त्यांच्या बापाचं नाव,
आणि जातीच्या रकान्यात एक शब्द,
पन्नास सालाच्या आधीचा,
पुतणीच्या ॲडमिशनला पुरेल इतका.

मिळाली. पान त्र्याण्णव.
गणबा वल्द पैकू, कोष्टी, धंदा विणाई, मुलगा.
नाव नाही. नुसतं मुलगा.
हेच आमचे झिबल आजोबा,
डाव्या पायाला सहा बोटं असलेले,
चहात मीठ टाकून पिणारे.
खबर देणार: गणबा. निशाणी धोट्याची.
शाईनं काढलेला धोटा,
दोन्हीकडं निमुळता, मधे फुगीर.
"झालं न बाई तुमचं काम," उईके बाबूंनी शिक्क्याची डबी उघडली.

झालं होतं.
नकलेची फी भरून झाली, तरी मी पानं मागं उलटत बसले.

गणबा वल्द पैकू, मुलगी, वय आठ दिवस, मयत, ताप.
गणबा वल्द पैकू, मुलगा, वय दीड वर्ष, मयत, हगवण.
गणबा वल्द पैकू, मुलगी, मयत,
आणि पुढं कारकुनानं वरच्यासारखंच म्हणून
दोन टिंबं दिलेली.

आमच्याकडं सांगतात, आजोबा एकुलते एक.
कौतुकानं सांगतात.

या तिन्ही ओळींत धोटा नाही.
खबर देणार: गणबाची बायको.
निशाणी बांगडीची.
एक गोल, जिथं सुरू झाला तिथं न पोचलेला.
म्हणजे माग थांबवायचा नाही म्हणून
की त्याला जाववलं नाही म्हणून,
कोतवालाच्या ओट्यापर्यंत तीच चालत गेली,
तिन्ही वेळा.
तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.
की विचारलं, आणि रकाना नव्हता.

मग पान एकशे अकरा.
मुलगी, जन्म. नाव: चिंधी.
या घराची ही एकच जन्मनोंद जिच्यापुढं बांगडी आहे,
आणि एकच, जिथं नाव आधीच ठरवून आणलंय.
नऊवारी लुगडी विणणाऱ्या घरात
पोरीला चिंधी म्हणायचं,
म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटावं,
टाकूनच दिलंय, उचलायचं काय यात.

मी सव्वीसपर्यंत शोधलं.
मग पुढचं बुक, चौतीसपर्यंत, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली.
मयतांत चिंधी नाही.
पुढं कुठंच नाही.
जगलेल्या माणसाचं या बुकात काही काम नसतं.

"लगन होऊन गेली असंल बाई," उईके बाबू म्हणाले.
"पवनीले, मोवाडले. सासरी नाव बदलते.
आता कोणत्या नावानं शोधसान?"
आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडं सरकवली.

कचेरीबाहेर लिंबाखाली
टंकलेखक वंशावळीच्या चौकटी पाडत होता:
पैकू, गणबा, झिबल, बाबा, दादा, पुतणी.
"आजोबाले एक बहीण होती," मी म्हटलं.
"बहीण-गिहीण नाही लागत मॅडम. वरून खाली सरळ पाह्यजे."

बरोबर आहे. त्याचे साठ रुपये दिले.
त्याची पाठ वळल्यावर झिबलच्या चौकटीशेजारी
पेन्सिलीनं एक गोल काढला,
माझाही नीट जुळला नाही,
त्याच्यात लिहिलं चिंधी,
आणि झेरॉक्सवाल्याला म्हटलं, तीन प्रती.

पेन्सिल येत नाही म्हणाला.
आली. फिकी, पण तिन्हींवर आली.
एक समितीकडं गेली,
एक दादाकडं आहे.