दोन बाजू

रात्री किती वेळा, ते मी मुद्दाम मोजत नव्हतो.
पण आमच्या भिंती फळ्यांच्या
आणि बाबांचा डबा पत्र्याचा.
एक वाजता. पावणेतीनला.
मग कोंबडा आरवायच्या जरा आधी.
पहिल्यांदा बराच वेळ काहीच नाही,
नुसतं उभं राहणं.
मग टप्.
मग टप् टप्, आणि बाक्वेरीत एक शिवी,
हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
आई जागीच असते.

बावीस वर्षं मोला एफांगेंनी
कॅमेरून पर्वताच्या ह्याच उतारावर साल काढली.
मला बारा वर्षांचा असताना वर नेलं, कोयता दिला:
उगवतीची बाजू काढ, मावळतीची काढ,
उरलेल्या दोन राख.
पाच पावसाळे त्यांना हात लावायचा नाही.
झाडाच्याही अंगावर काहीतरी हवं ना.

रात्री येणारे चारही बाजू नेतात,
बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत.
ती झाडं पडत नाहीत. उभ्या उभ्या वाळतात,
आणि धुक्यात लांबून माणसं वाटतात.

खाली काट्यावर पोती टाकताना
बाबांनी एकदा कारकुनाला विचारलं होतं,
एवढी साल जाते कुठे?
युरोपात. तिकडच्या म्हाताऱ्यांना लागते.
कशाला?
कारकुनानं स्वतःच्या पट्ट्याखाली बोट दाखवलं.
सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त.
तेव्हा त्यांची धार
वोलोकोच्या कुंपणापलीकडे जायची,
असं ते स्वतःच सांगतात.

आई म्हणाली, घरात पोतं पडलंय, उकळून पी.
म्हणाले, ती विकायची आहे.

मग चुलतभाऊ लुमानं लिऑनहून बाटली पाठवली.
साठ कॅप्सूल, झाकणावर हिरवं पान.
किमतीचं लेबल काढायला तो विसरला होता.
मी हिशेब केला आणि बाबांना सांगितला नाही:
एका बाटलीला डोक्यावरच्या दीड खेपा,
चिखलातून, अनवाणी.

दवाखान्यात सिस्टर नामोंडोनं बाटली उलटसुलट पाहिली.
घ्या हवं तर, म्हणाली,
कुणाला थोडं बरं वाटतं, कुणाला ढिम्म काही नाही.
पण गुरुवारी रक्त द्यायला या, सोनोग्राफीही करू.
आतली वाढ कसली आहे
ते सालीला विचारून कळत नाही, मोला.
आणि कधी पूर्णच अडलं
तर सकाळची वाट बघत बसू नका. गाडी करा.
बाबा जमिनीकडे बघत होते.
ह्या वयात पोरीच्या तोंडून हे ऐकायचं.

त्या रात्री कंदिलाजवळ बसून
त्यांनी एक कॅप्सूल नखानं उघडली.
भुकटी तळहातावर घेतली, हुंगली.
तोच वास, कडू बदामाचा,
जो आईला त्यांच्या शर्टांतून
कधीच धुऊन काढता आला नाही.
जिभेचं टोक लावलं.
वरच्या ओढ्याकडची, म्हणाले.
कोवळं झाड होतं. चारही बाजू नेल्यात.
बाबा, भुकटीवरून असं नाही कळत कुणाला.
मला कळतं.
थोडा वेळ हात तसाच धरून बसले,
मग चाटून टाकली आणि वर पाणी प्यायले.
पाणी जरा जास्त झालं म्हणून स्वतःवरच चिडले.

तीन आठवडे झाले.
चारदाचं तीनदा झालं,
की मधल्या एका वेळेला मीच झोपून राहिलो,
छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.
रक्ताचा कागद अजून आलेला नाही.

काल वर गेलो होतो, त्यांच्या आग्रहाखातर.
मी पहिल्यांदा सोललेलं झाड अजून आहे.
नवी साल आलीय, जुन्यापेक्षा गुळगुळीत, जरा लालसर.
बाबा झाडामागे गेले.
एक हात मात्र मला दिसत होता,
राखलेल्या बाजूवर टेकवलेला.
मी तोंड फिरवलं
आणि खाली, लिंबेच्या पलीकडे, समुद्रात
एक जहाज हलतंय की उभं आहे
ते बघत राहिलो.
बराच वेळ लागला.
कळलं नाही.