रिकाम्या खोलीचं एक मिनिट

डुलूथच्या धक्क्यामागे हेरिंग खारवायची वखार होती,
ती अ‍ॅर्डिस कोस्केलानं घेतली एकोणनव्वद साली,
व्हॅन विकून.
व्हॅन खरं तर आम्हा चौघांची होती.
कुणी काही बोललो नाही.

त्याआधी सात वर्षं वाजवत हिंडलो,
फार्गो, ऑ क्लेअर, थंडर बे,
बारमध्ये अकरा माणसं, त्यातली चार पुढच्या बँडची.
पैसे पेट्रोलमध्ये जात, उरले तर अंड्यांत.
पदरमोड करून दोन रेकॉर्डी काढल्या,
पाकिटं चिकटवली तिच्या आईच्या सॉनामध्ये बसून,
तिथं डिंक लवकर वाळतो म्हणून.

मिनिआपोलिसहून एक माणूस आला करार घेऊन.
नवव्या पानावर घोडं अडलं:
वाजवणार आम्ही, ते कसं ऐकू यावं ते ठरवणार ते.
अ‍ॅर्डिसनं कागदाची घडी करून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली
आणि कॉफी मागवली.
मोठ्या कंपन्यांच्या नावानं तिनं तिथंच कानाला खडा लावला.
मी मात्र त्या टेबलाच्या पायाकडे
बराच वेळ बघत होतो.

वखारीला माशांचा वास. दमट दिवशी अजून येतो.
भिंतींना शाळेच्या व्यायामशाळेतल्या गाद्या ठोकल्या,
टेप मशीन बंद पडत आलेल्या रेडिओ स्टेशनकडून, हप्त्यानं.
एव्हेलेथच्या खाणकामगारांची पोरं यायची,
गिटार ब्लँकेटात गुंडाळून.
दिवसाला साठ डॉलर. नसतील तर लाकडं फोडून द्या.
ती बोलायची कमीच.
“पुन्हा.”
“पुन्हा. आणि या खेपेला जिंकायला बघू नका.”
एका गायकाला तिनं बूट काढायला लावले
आणि तो पहिल्यांदा खरं गायला.
सगळे हळहळले, वा, काय ओळखलंस!
ती म्हणाली, बूट करकरत होते.

प्रत्येक रेकॉर्डिंगआधी
एक मिनिट ती नुसती खोली टेपवर घ्यायची.
अ‍ॅम्प चालू, माणसं बंद.
पुढे ठिगळाला लागते म्हणायची.
मागे फ्रिजची घरघर, दूर खनिज भरणारं जहाज,
पूल उचलायच्या आधीचा भोंगा.
भोंगा झाला तरी टेप चालूच.

आणि तिची स्वतःची तिसरी रेकॉर्ड?
या हिवाळ्यात, म्हणायची.
डुलूथला हिवाळ्यांचा तोटा नाही.
दुसऱ्यांच्या एकशे बारा निघाल्या,
पाकिटामागे सगळ्यांत बारीक अक्षरात तिचं नाव,
दोनदा चुकलेलं.

मी बास सोडून काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक धरला,
बावीस वर्षं. पेन्शन आहे, गुडघे नाहीत.
पहाटे चारला तिच्या गल्लीतून जाताना
पुढचा फाळ उचलून धरायचो,
रस्त्याला घासला तर तिच्या माइकात येईल म्हणून.
या गल्लीत बर्फ तसाच राहतो,
अशी माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार आली.

गेल्या मार्चात तिचा डावा कान गेला.
तिनं खुर्ची तेवढी फिरवून घेतली.
मला बोलावलं टेपचे डबे उतरवायला.
त्यातली एक लावली: ऑक्टोबर ब्याण्णव, खोली.
काही नाही. काही नाही.
मग कुणीतरी नाक ओढतं.

“रेइनो,” ती म्हणाली.
आमचा ड्रमर. जाऊन चौदा वर्षं झाली.
“सर्दी त्याची कायमचीच,” मी म्हणालो.

“हळू,” ती म्हणाली,
“अजून चाळीस सेकंद आहेत.”