फणीच्या दोन पात्या

तुळजापूरच्या घाटात गाडीला उचक्या लागल्या.
मागच्या सीटवर दीडशे शर्ट, दीडशे चड्ड्या,
सोमवारी शाळा उघडणार,
आणि तिसरा गिअर टाकला की हुंदका,
दुसरा टाकला की शिंक.
तशीच वळवून आणली.

दस्तगीरला फोन लावला. तो अक्कलकोटला, मेव्हण्याच्या लग्नात,
पाठीमागं बँड.
"प्लग बदल की! तीनच तर हायत!" ओरडला,
"पण इंजिन गार होऊ दे आधी,
न्हाईतर आटे घेऊन येतील भाईर."

सोलापुरात इंजिन गार होऊ द्यायचं
म्हणजे दिवे लागेपर्यंत बसून राहायचं.
दाजी पेठेतल्या आमच्या बोळात बॉनेट उघडं,
आणि लिंबाखाली बाजेवर नायना
शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत.
चाळीस वर्षं मागावर जॉबर.
कान तिथंच राहिले, धोट्याच्या खटखटीत.
आम्ही त्यांच्याशी हातांनी बोलतो.
ते आमच्याशी फारसं बोलत नाहीत.

मडगार्डवर चादर टाकली, सेकंड मालातली,
एक डोळा विणायचा राहिलेल्या मोराची.
वायरी एकेक काढायच्या, एकदम नाही.
खळग्यात फुंकर मारली,
धूळ माझ्याच डोळ्यात.
पहिला प्लग कुरकुरला, मग हाताशी मऊ झाला:
टोकाला भाजल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग. बरा.
दुसरा त्याचाच भाऊ.
तिसरा काळा, तव्याच्या बुडासारखा,
टोक झिजून गोल.

नवे आणले होते. नवी पेठेतला दुकानदार म्हणाला होता,
"गॅप बघून बसवा ताई. शून्य पॉइंट आठ."
बघू कशानं?
गेज दस्तगीरच्या पेटीत, पेटीला कुलूप,
किल्ली लग्नात.

नायना उठले. हात लुंगीला पुसला.
नवा प्लग बल्बसमोर धरला, एक डोळा मिटून,
ताण्यातला तुटका धागा शोधावा तसा.
मग आत गेले. डबे पडले एकावर एक,
बोळभर आवाज,
त्यांना सोडून सगळ्यांना.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातनं
जुन्या फणीचा वीतभर तुकडा घेऊन आले,
पकडीनं दोन पात्या ओढल्या,
एकीवर एक ठेवल्या
आणि मला बोटं दाखवली: आठ.

कशावरून?
हे हातांनी कसं विचारतात मला माहीत नाही.

पात्या फटीत सरकवल्या. सैल गेल्या.
उंबऱ्याच्या दगडावर प्लगचं वाकडं टोक
टक्, एकदाच.
परत सरकवल्या. आता जरा घासून गेल्या,
तेवढंच पाहिजे होतं बहुतेक, कारण ते हसले.
दुसराही केला. तिसरा माझ्या हातात दिला.

मी ठोकला. फट बंदच.
त्यांनी उघडून दिली. मी परत ठोकला.
त्यांनी मान हलवली, हो म्हणून की असू दे म्हणून,
तेवढ्या उजेडात कळलं नाही.

पेट्रोलच्या नळीचा तुकडा प्लगच्या शेंड्याला लावून
बोटांनीच फिरवायचा, आटे आपले आपण धरतात.
शेवटी पान्यानं अर्धा फेरा.
मी अजून आवळणार तर मनगट धरलं त्यांनी.
किती दिवसांनी.

स्टार्टर मारला.
नायनांनी एअर फिल्टरवर तळहात टेकवला,
डोळे मिटले,
आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले हातानं.
मग तीन बोटं वर केली, तिन्ही चालू,
आणि उरलेल्या भाकरीकडं गेले.

रविवारी दस्तगीर आला, हातावर मेंदीचा डाग,
उघडून गेज लावलंच त्यानं.
"हे दोन एकदम करेक्ट हायत की बे. कुणी केले?
आन् हा तिसरा?
कमी हाय जरासा. पण पळूलालाय.
ऱ्हाऊ दे."

राहू दिला.
पात्या आता गाडीच्या खणात,
पीयूसीच्या कागदात गुंडाळून.
काळा प्लग मी टाकून देणार होते,
तो बिस्किटाच्या डब्यात सापडला.